जुना पॉवर ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना: पहिल्या तपासणीपासून लोडवरच्या चाचणीपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गणेशोत्सव मंडळांकडे, भजनी मंडळांकडे आणि देवस्थानांच्या पंच कमिट्यांकडे वीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेले जड पॉवर ॲम्प्लिफायर अजूनही आहेत. त्यांतले बरेचसे बंद अवस्थेत कपाटावर किंवा देवळाच्या माळ्यावर पडलेले असतात आणि गणपती दोन दिवसांवर आले की त्यांची आठवण होते. हे ॲम्प वाचवण्याजोगे असतात, कारण त्यांत मोठा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, उघड्यावर दिसणारे ट्रान्झिस्टर आणि हाताने बदलता येतील एवढे सुटे भाग असतात. ज्यांना सोल्डरिंग येते आणि मल्टिमीटर वापरण्याची सवय आहे, पण पॉवर ॲम्प पहिल्यांदाच उघडायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील क्रम लिहिला आहे. या कामात कौशल्यापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. मीटरने जेवढे कळते तेवढे सगळे आधी कळून घ्यावे आणि वीज सर्वांत शेवटी द्यावी.

एक मर्यादा सुरुवातीलाच सांगतो. वजनाने हलके, आत स्विचिंग पॉवर सप्लाय असलेले नवे ॲम्प या पद्धतीने दुरुस्त करू नयेत. त्यांच्या सप्लायच्या पहिल्या भागात २३० व्होल्टचे सरळ रेक्टिफिकेशन होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतात आणि तो भाग लाइनपासून अलग केलेला नसतो.

लागणारे साहित्य आणि कागद

डायोड मोड असलेला डिजिटल मल्टिमीटर, शक्य असल्यास दोन. सोल्डरिंग आयर्न आणि डिसोल्डर पंप. सिरीज बल्बचा बोर्ड (ॲम्पच्या विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला, म्हणजे आत शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि करंट अडवतो) व त्यासाठी ६०, १०० आणि २०० वॉटचे तारेचे पिवळे बल्ब. २२० ओहम १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर. डमी लोडसाठी (चाचणीत स्पीकरच्या जागी लावायला) ८ ओहम १०० वॉटचे ॲल्युमिनियम आवरणाचे रेझिस्टर. मायका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधली वीज अडवणारी पातळ चकती) आणि हीटसिंक पेस्ट. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश. एलईडी बल्ब सिरीज बोर्डाला उपयोगाचा नाही. तारेचे बल्ब आता सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून दिसतील तेव्हा घेऊन ठेवावेत. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू चढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) असला तर उत्तम, नसला तरी काम अडत नाही.

कागदांमध्ये सर्किट डायग्राम पहिला. ॲम्पच्या मागच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन तो इंटरनेटवर शोधावा. न मिळाल्यास खचून जाऊ नये, कारण स्टिरिओ ॲम्पमध्ये दोन चॅनेल सारखेच असतात आणि चांगला चॅनेल हाच बिघडलेल्या चॅनेलचा नकाशा असतो. याशिवाय एक वही ठेवावी आणि मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे फोटो काढावेत. वायरींचे रंग लक्षात राहतात हा सर्वांचाच गैरसमज असतो.

१. आधी मालकाला विचारा

ॲम्प उघडण्याआधी तो कसा बंद पडला हे नीट विचारून घ्यावे. "आवाज हळूहळू चिरका व्हायला लागला" आणि "धाडकन आवाज होऊन धूर आला" या दोन तक्रारींचे उपचार वेगळे आहेत. त्या वेळी एका चॅनेलवर किती स्पीकर लावले होते, जनरेटर चालू होता का, आणि बंद पडल्यावर कोणी फ्यूज बदलला का, हे तीन प्रश्न चुकवू नयेत. उत्तर टाळले जात असेल तर फ्यूज होल्डर उघडून पाहावा. तिथे फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली, तर आत नुकसान मोठे आहे असे धरून चालावे.

आवाज फक्त मोठा केल्यावरच येतो, किंवा खरखरत येतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा ट्रान्झिस्टर शाबूत असतात. प्रोटेक्शन रिलेचे (बिघाड झाल्यास स्पीकर तोडणाऱ्या स्विचचे) काळे पडलेले कॉन्टॅक्ट, गंजलेले जॅक किंवा झिजलेला व्हॉल्यूम यांतच दोष सापडतो. जॅक आणि व्हॉल्यूम कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावेत. रॉकेल, पेट्रोल किंवा शिलाई मशीनचे तेल वापरू नये, कारण तेलावर धूळ बसून महिनाभरात तीच खरखर दुप्पट होते. रिले घासत बसण्यापेक्षा त्याच व्होल्टेजचा नवा घालणे स्वस्त पडते.

२. उघडा, कपॅसिटर रिकामे करा, मग साफ करा

प्लग काढल्यावरही आतले मोठे फिल्टर कपॅसिटर भरलेले असू शकतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८० व्होल्टवर सुमारे ३२ ज्यूल ऊर्जा धरून ठेवतो आणि असे किमान दोन तरी आत असतात. पेचकसाने टर्मिनल जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने कपॅसिटर आणि पेचकस दोन्ही खराब होतात. २२० ओहमचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या क्लिपांनी टर्मिनलांवर लावून अर्धा मिनिट थांबावे आणि मग मीटरने खात्री करावी. हे प्रत्येक कपॅसिटरसाठी, आणि पुढे जितक्या वेळा वीज देऊन बंद कराल तितक्या वेळा करावे. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पावसाळ्यात खानापूरकडच्या घरांत फरशी ओलसर असते, म्हणून पायाखाली कोरडी लाकडी फळी घ्यावी. घरात दुसरे कोणी नसताना वीज दिलेल्या ॲम्पमध्ये हात घालू नये.

साफसफाईला वेळ द्यावा. जत्रेच्या मैदानावर चाललेल्या ॲम्पच्या पंख्यामागे धुळीचा जाड थर जमून हीटसिंकच्या फटी बंद झालेल्या असतात. निपाणीकडच्या काही ॲम्पांत त्या धुळीला तंबाखूचा वास येतो. झुरळांची घाण आणि सर्किट बोर्डावर चिकटून वाळलेली पाल या गोष्टी विनोदी वाटल्या तरी त्यांच्यामुळे बोर्डावर गळतीच्या वाटा तयार होतात. कोरड्या ब्रशने धूळ काढून मगच अल्कोहोलने पुसावे.

३. डोळ्यांनी तपासा

बोर्ड उजेडात तिरपा धरून पाहावा. जाड पायांच्या भागांभोवती, विशेषतः ५ वॉटच्या सिमेंट रेझिस्टरांच्या आणि ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरांना चालवणाऱ्या) ट्रान्झिस्टरांच्या पायांभोवती, सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग दिसते. असे जोड जुने सोल्डर ओढून काढून नव्याने करावेत. डोके फुगलेले किंवा बुडाशी पाझरलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लिहून घ्यावेत. कपॅसिटर चिकटवण्यासाठी वापरलेला पिवळा गोंद वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने तपकिरी होतो, त्यातून वीज गळू लागते आणि शेजारच्या भागांचे पाय खाल्ले जातात. तो खरवडून काढावा.

पत्र्याच्या गोल टोपीसारखे दिसणारे टीओ-३ प्रकारचे ट्रान्झिस्टर असतील, उदाहरणार्थ २एन३०५५ किंवा एमजे१५००३, तर त्यांचे स्क्रू नीट पाहावेत. त्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर म्हणजे त्याचे पत्र्याचे अंगच असते आणि बऱ्याच ॲम्पांत त्याला वीज स्क्रूमार्फतच जाते. स्क्रूखालचा दातेरी वॉशर गंजला की कलेक्टरचा संपर्क सुटतो आणि पूर्णपणे चांगला ट्रान्झिस्टर मेल्यासारखा वागतो. स्क्रू काढून वॉशर बदलल्याने चालू झालेले ॲम्प आमच्या दमट भागात दुर्मिळ नाहीत.

४. वीज न देता मीटरने तपासा

या टप्प्यावर घाई केली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

मीटर डायोड मोडवर ठेवावा. एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसवर लाल प्रोब ठेवून काळी प्रोब एमिटर आणि कलेक्टरवर लावली असता दोन्हीकडे साधारण ०.५ ते ०.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. पीएनपीसाठी बेसवर काळी प्रोब ठेवावी. कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये दोन्ही दिशांना वाट बंद असली पाहिजे. तिथे शून्याजवळ आकडा आला आणि मीटरची शिट्टी वाजली तर तो ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे.

येथे नवशिक्याला दोन ठिकाणी चकवा लागतो. पहिला असा की मोठ्या ॲम्पमध्ये एका बाजूला तीन-चार ट्रान्झिस्टर समांतर असतात आणि त्यांतला एक शॉर्ट झाला की मीटरवर सगळेच शॉर्ट दिसतात. म्हणून प्रत्येकाच्या एमिटर रेझिस्टरचे एक टोक सोडवून एकेकाची परीक्षा करावी. दुसरा असा की बोर्डावर बेस आणि एमिटर यांच्यामध्ये कमी किमतीचा रेझिस्टर असतो आणि तो चांगल्या जंक्शनलाही खराब दाखवतो. शंका आल्यास ट्रान्झिस्टर बाहेर काढूनच मोजावा.

शॉर्ट ट्रान्झिस्टर सापडला म्हणजे काम संपले असे नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर जाताना आपल्यामागे ड्रायव्हरला, त्याच्या बेसवरच्या छोट्या रेझिस्टरांना आणि कधी प्री-ड्रायव्हरलाही घेऊन जातो. ०.२२, ०.३३ किंवा ०.४७ ओहमचे एमिटर रेझिस्टर बाहेरून कोरे दिसतात आणि आतून तुटलेले असतात. मोजताना आधी मीटरच्या दोन प्रोब एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा रोध पाहावा आणि तो वजा करावा, नाहीतर ०.२२ चा रेझिस्टर ०.५ दिसतो आणि चांगला भाग फेकला जातो. एखादा एमिटर रेझिस्टर तुटलेला राहून गेला, तर त्याच्या ट्रान्झिस्टरच्या वाट्याचा करंट बाकीचे उचलतात आणि ऐन मिरवणुकीत तेही जातात.

यानंतर दोन्ही चॅनेलवर एकाच क्रमाने, एकाच प्रोबने तीच ठिकाणे मोजत जावे आणि वहीत शेजारी शेजारी आकडे लिहावेत. जिथे आकडे जुळत नाहीत तिथे थांबावे. डायग्राम नसलेल्याला हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

५. सुटे भाग आणताना

रेझिस्टर, कपॅसिटर, फ्यूज असे साधे सामान बेळगावात मिळते. पॉवर ट्रान्झिस्टरसाठी कोल्हापूर, पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड गाठावा लागतो, किंवा माल मागवावा लागतो. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर उद्यमबागेच्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेले वायंडिंगचे कारागीर शहरात आहेत. मात्र मूळ वेढ्यांची संख्या आणि तारेचा गेज मोजून लिहून घेतल्याशिवाय त्यांनी जुनी तार उलगडू नये, असे आधीच ठरवून घ्यावे.

ट्रान्झिस्टरमध्ये बनावट मालाचा सुळसुळाट फार मोठा आहे. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी त्यात आघाडीवर आहे. खरी जोडी २३० व्होल्ट, १५ ॲम्पिअर आणि १५० वॉटची असते. नकली मालात आतला सिलिकॉनचा तुकडा लहान असतो. तो मीटरच्या परीक्षेत पास होतो, छोट्या खोलीतही वाजतो आणि मैदानात लोड आला की पहिल्या तासात जातो. अर्ध्या किमतीला मिळणारा, छापील अक्षरे अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली जाणारा माल घेऊ नये. एका बाजूचे समांतर ट्रान्झिस्टर एकाच लॉटचे घ्यावेत. एक गेला असला तरी त्या बाजूचा पूर्ण संच बदलावा, आणि माझ्या मते दोन्ही बाजूंचा. हा खर्च मालकाला जड वाटतो, म्हणून तो काम सुरू होण्याआधीच सांगावा.

कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसचे आणि मूळच्यापेक्षा कमी नसलेल्या व्होल्टेजचे घ्यावेत. फ्यूज जितक्या ॲम्पिअरचा लिहिला आहे तितकाच आणि त्याच प्रकारचा घालावा. हळू उडणाऱ्याच्या जागी झटपट उडणारा घातला तर तो चालू करतानाच विनाकारण उडतो.

६. बसवणी

नवा ट्रान्झिस्टर बसवताना मायकाच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर लावावा. थापून लावलेली पेस्ट उष्णता अडवते. स्क्रू कसल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटर लावून संपर्क नसल्याची खात्री करावी. छिद्राच्या कडेला राहिलेला धातूचा बारीक कंगोरा मायका फाडतो. काही ॲम्पांत मात्र मायका नसतोच आणि संपूर्ण हीटसिंकवर सप्लायचे व्होल्टेज असते. अशा ठिकाणी मूळ रचना जशीच्या तशी ठेवावी आणि चालू ॲम्पच्या हीटसिंकला हात लावू नये.

हीटसिंकला टेकवलेला एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड बहुधा असतो. तापमान वाढले की बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहता ठेवलेला थोडा करंट) कमी करणे हे त्याचे काम. दुरुस्तीच्या गडबडीत तो जागेवर न टेकवता हवेत राहिला, तर ॲम्प तापेल तसा अधिक करंट ओढत जातो आणि नवे ट्रान्झिस्टर अर्ध्या तासात संपतात.

७. सिरीज बल्बवर पहिली वीज

स्पीकर जोडू नये, इनपुट काढून ठेवावे, व्हॉल्यूम शून्यावर आणावा. आधी ॲम्प बोर्डांकडे जाणाऱ्या सप्लायच्या वायरी किंवा रेलचे (धन आणि ऋण डीसी सप्लायचे) फ्यूज काढून फक्त ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर यांनाच सिरीज बल्बमधून वीज द्यावी. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला किंवा विझला तर ठीक. तेजस्वी राहिला तर ब्रिज, कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्ट आहे. मध्यम ॲम्पला १०० वॉटचा बल्ब पुरतो, मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला २०० वॉटचा लागतो. ॲम्प अनेक वर्षे बंद असेल आणि डिमरस्टॅट उपलब्ध असेल, तर ५० व्होल्टपासून सावकाश चढवत जावे, म्हणजे जुने कपॅसिटर एकदम पूर्ण दाबाखाली येत नाहीत.

धन आणि ऋण रेलचे व्होल्टेज मोजावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. मग कपॅसिटर रिकामे करून एक चॅनेल जोडावा आणि पुन्हा बल्बवरच वीज द्यावी. बल्ब मंद राहिला तर दुसरा चॅनेल. दोन्ही एकदम जोडले तर दोष कोणाचा हे कळत नाही.

बल्बमुळे व्होल्टेज थोडे पडते, त्यामुळे काही ॲम्पांत प्रोटेक्शन रिले ओढली जात नाही. तो बिघाड समजून रिलेचे सर्किट उसकटत बसू नये.

८. डीसी ऑफसेट आणि बायस

चॅनेलच्या आउटपुटवर, रिलेच्या आधी, डीसी व्होल्ट मोजावेत; सिग्नल नसताना दिसणारे हे व्होल्ट म्हणजेच ऑफसेट. ५० मिलिव्होल्टच्या आत असतील तर उत्तम. काही व्होल्ट येत असतील तर इनपुटकडच्या जोडीच्या ट्रान्झिस्टरांपासून पुन्हा शोध घ्यावा. पूर्ण रेल व्होल्टेज येत असेल तर स्पीकरचा विचारही करू नये. ८ ओहमच्या स्पीकरवर ५० व्होल्ट डीसी गेले तर ३०० वॉटहून अधिक उष्णता एका न हलणाऱ्या कॉइलमध्ये उतरते आणि कॉइल काही क्षणांत जळते.

ऑफसेट ठीक असल्यावर बल्ब काढून थेट वीज द्यावी आणि बायस पाहावा. एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट भागिले त्याचे ओहम म्हणजे त्या ट्रान्झिस्टरचा करंट मिलिॲम्पिअरमध्ये मिळतो, ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट दिसले तर सुमारे ३० मिलिॲम्पिअर. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा, आणि मॅन्युअल नसेल तर चांगल्या चॅनेलशी जुळवावा. बायसच्या प्रीसेटला (पेचकसाने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरला) हात लावण्याआधी त्याच्या जागेवर पेनाने खूण करावी. तो कोणत्या बाजूला फिरवल्यावर करंट कमी होतो हे ॲम्पागणिक वेगळे असते, म्हणून ही परीक्षा बल्ब काढण्याआधीच करावी: बल्ब उजळू लागला की दिशा चुकीची. जुना, खरखरणारा प्रीसेट मात्र बदलूनच टाकावा. अंतिम बायस झाकण ठेवून वीस मिनिटे ॲम्प चालल्यानंतर लावावा.

९. डमी लोडवर चाचणी

खऱ्या स्पीकरवर चाचणी केली तर चूक झाल्यास स्पीकर जातो आणि शेजारी भांडायला येतात, म्हणून लोड रेझिस्टरचा असावा. ८ ओहम १०० वॉटचे चार रेझिस्टर दोन-दोन सिरीजमध्ये घेऊन त्या दोन जोड्या समांतर केल्या की ८ ओहम ४०० वॉटचा लोड होतो. ते जाड ॲल्युमिनियमवर कसून पंख्यासमोर ठेवावेत. पाणी तापवण्याचा १,००० वॉटचा रॉड लोड म्हणून लावणारे काही जण दिसतात, पण त्याचा रोध सुमारे ५३ ओहम असतो आणि त्यावर ॲम्प जवळजवळ मोकळाच चालतो. त्या चाचणीला काही अर्थ नाही.

मोबाइलवरील टोन जनरेटरमधून ४०० हर्ट्झचा साइन टोन द्यावा. साध्या मीटरना १,००० हर्ट्झचे एसी व्होल्ट नीट मोजता येत नाहीत. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट. ८ ओहमवर २० व्होल्ट म्हणजे ५० वॉट, २८.३ व्होल्ट म्हणजे १०० वॉट आणि ४० व्होल्ट म्हणजे २०० वॉट. ऑसिलोस्कोप मिळाला तर लाटेचे माथे सपाट होतात तो आकडा खरी ताकद. मात्र ब्रिज मोडमध्ये (दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवतात तेव्हा) स्पीकरच्या दोन्हीपैकी एकही टोक अर्थिंगचे नसते; तिथे स्कोपची अर्थ क्लिप लावली की आउटपुट शॉर्ट होतो.

पूर्ण ताकदीपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यावर या प्रकारचे ट्रान्झिस्टर अधिक तापतात. म्हणून २०० वॉटच्या चॅनेलला सुमारे २३ व्होल्ट आउटपुटवर, झाकण लावून, तासभर चालवावे. पंखा फिरतो का, थर्मल कटऑफ वेळेआधी पडतो का, शेवटी ऑफसेट सरकला आहे का, हे पाहावे. ही चाचणी न करता ॲम्प परत देऊ नये, मंडळाचे कार्यकर्ते दारात उभे असले तरीही.

१०. जागेवर जोडताना

दुरुस्त ॲम्प पुन्हा त्याच कारणाने परत येतो, म्हणून जोडणी समजावून द्यावी. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर लावले की २ ओहम होतात आणि बहुतेक जुने ॲम्प ४ ओहमच्या खाली टिकत नाहीत. भोंग्यांसाठी १०० व्होल्ट लाइनचे आउटपुट असेल तर लाइन ट्रान्सफॉर्मर असलेलेच भोंगे लावावेत. १०० वॉटच्या ॲम्पला त्या लाइनवर १०० ओहमपेक्षा कमी लोड द्यायचा नसतो. त्या लाइनचा झटकाही बसतो, तेव्हा पावसात मांडवाच्या खांबावर उघडे जोड ठेवू नयेत.

हमिंग येते म्हणून प्लगची अर्थ पिन तोडण्याची खोड मोडून काढावी. हमिंग मिक्सर आणि ॲम्प वेगवेगळ्या बोर्डांवरून घेतल्यामुळे असते. दोन्ही एकाच बोर्डावरून घेतले की बहुतेक वेळा जाते. मांडवातील न्यूट्रल सैल सुटला तर एका फेजवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, म्हणून ॲम्प लावण्याआधी बोर्डावर मीटर लावून पाहावे आणि जनरेटरवर बदलल्यावर पुन्हा पाहावे.

शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर दुरुस्तीची तारीख, बदललेल्या ट्रान्झिस्टरांचे क्रमांक, दोन्ही रेलचे व्होल्टेज, दोन्ही चॅनेलचा ऑफसेट व बायस आणि फ्यूजचे ॲम्पिअर लिहावेत.